घर गरम झालंय, बोनेट उघडा!

सध्या ज्याला बघावं त्याला 'व्हॅन लाइफ'चा किडा चावलाय. मोबाइलवर तीस सेकंदांचा व्हिडिओ येतो. गाडीचं मागचं दार उघडतं, पांढरीशुभ्र चादर, हातात कॉफीचा मग, समोर समुद्र. बास! शुक्रवारी रात्री नऊ वाजता ऑफिसात डेडलाइनशी झटापट करणाऱ्या कुणालाही वाटणारच, की यार, आपलंही असं चाकांवरचं घर असावं. मलाही वाटतं. फक्त त्या तीस सेकंदांत एक माणूस कधीच दिसत नाही. बोनेटखाली डोकं घालून उभा असलेला, कोपरापर्यंत काळा झालेला.

आजचा कॉलम त्या माणसासाठी. आणि आपला फंडा आधीच सांगून टाकते. लांबच्या प्रवासासाठी मोटरहोम निवडताय ना? मग आत काय काय आहे हे नंतर बघा. ते बंद पडलं तर वाटेत कोण उघडू शकेल, हे आधी बघा.

महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याच वर्षी केरळचंही आलं. तेव्हापासून आपल्याकडे हा विषय एकदम हॅपनिंग झालाय. पण आधी शब्दांचा घोळ मिटवू. दुसऱ्या गाडीमागे ओढत न्यायचं ते कॅरॅव्हॅन, आणि स्वतःच्या इंजिनवर पळतं ते मोटरहोम. आपल्याकडे सरसकट दोन्हींना कॅरॅव्हॅनच म्हणतात, म्हणू देत. पण फरक महत्त्वाचा आहे. ओढायचं घर असेल आणि पुढची गाडी बिघडली, तर गाडी गॅरेजात आणि तुम्ही घरात. मोटरहोममध्ये मात्र इंजिन, स्वयंपाकघर, बेडरूम आणि फ्रिज सगळं एकाच चासीवर. गाडी गॅरेजात गेली, की तुमचं घर, तुमची औषधं आणि तुमची उशी पण गॅरेजात!

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये आम्ही चौघं पुण्याहून कन्याकुमारीला अशा घरातून गेलो. एका बाजूचं अंतर साधारण दीड हजार किलोमीटर. गाडी माझ्या कॉलेजच्या मित्राची. सेकंडहँड डिझेल डिलिव्हरी व्हॅन, नंतर एका गॅरेजमधून तिचं घर करून घेतलेलं. सोबत त्याचे आईबाबा. काका एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांना प्रवासाला नेणाऱ्या बसगाड्या दुरुस्त केल्या, पण स्वतः काकूंना घेऊन कोल्हापूरच्या खाली कधी उतरले नव्हते. काकूंना डायबेटिस, रोज इन्शुलिन. त्यामुळे 'बघू, जाऊ तिथे राहू' वगैरे रोमँटिक प्लॅन आमच्यात नव्हता. फ्रिज चालला पाहिजे, ही पहिली अट.

वजनाचा हिशेब

निघायच्या आदल्या दिवशी काकांनी गाडी सरळ वजनकाट्यावर नेली. मित्र म्हणाला, "बाबा, आपण काय ऊस घालायला चाललोय का?" काका काही बोलले नाहीत. पावती हातात आली तेव्हा मात्र तो गप्प झाला.

गंमत बघा. पाण्याच्या टाकीत शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. इन्व्हर्टरला लागतात तसल्या दीडशे अँपिअरच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या शंभर किलोच्या पुढे जातात. पाऊण इंची प्लायचा आठ बाय चारचा एक ताव तीसेक किलोचा असतो. कपाटं, बेड, ओटा करता करता पाच-सहा ताव सहज लागतात. फ्रिज, गाद्या, भांडी वेगळी. मग चार माणसं आणि त्यांच्या बॅगा. बघता बघता सातशे-आठशे किलो होतात. आणि प्रवासी निदान स्टॉप आला की उतरतात. कपाटं कधीच उतरत नाहीत! म्हणजे ही गाडी जन्मभर भरलेलीच चालणार. प्रत्येक चढाला इंजिन जास्त तापणार, प्रत्येक उताराला ब्रेक जास्त घासणार, टायर आणि पाटे रोज ओझं वाहणार.

मोटरहोमच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ या दोनच गोष्टींत असतं, वजन आणि उष्णता. काकांनी टाकीतलं अर्धं पाणी सोडून दिलं. "पाणी वाटेत मिळतं रे," एवढंच म्हणाले.

पातेल्यातला थर्मोस्टॅट

खंबाटकीच्या चढाला टेम्परेचरचा काटा मध्यावरून हलला आणि लालकडे निघाला. काकांनी पहिली गोष्ट कुठली करायला लावली असेल? केबिनचा हीटर फुल! बाहेर रणरणतं ऊन आणि आत गरम वारा. पण यामागे सायन्स आहे. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, इंजिनातल्या पाण्याची उष्णता तो केबिनमध्ये ओढून घेतो. काटा थोडा खाली आला, घाट चढून झाला आणि सावली बघून गाडी उभी केली. रेडिएटरचं झाकण पाऊण तास कुणालाही उघडू दिलं नाही. आत पाणी दाबाखाली असतं, शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. पण झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि ते एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. घाटात झाकण उघडून भाजलेल्या ड्रायव्हरांच्या गोष्टी एसटीतल्या प्रत्येकाकडे असतात. काकांकडे पण होत्या.

वरचा पाइप क्लॅम्पपाशी ओला होता. क्लॅम्प आवळला, कूलंट भरलं आणि अजिबात घाई न करता कोल्हापूर गाठलं, थेट उद्यमनगर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शेतीच्या ऑइल इंजिनांपासून सुट्या भागांपर्यंत वाट्टेल ते घडवणाऱ्या लेथ मशिनांची आणि कारागिरांची ही जुनी वस्ती. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांनी ती क्वचितच बघितलेली असते. गाडीच्या दृष्टीनं मात्र खरं तीर्थक्षेत्र तेच.

तिथल्या मिस्त्रींनी थर्मोस्टॅट काढला. इंजिन थंड असताना पाण्याची वाट बंद ठेवायची आणि तापलं की उघडायची, एवढंच या तळहाताएवढ्या वस्तूचं काम. त्यांनी काकूंना विचारलं, "काकी, एक पातेलं मिळंल काय?" आणि आमच्याच गाडीतल्या गॅसवर, आमच्याच चहाच्या पातेल्यात पाणी उकळून तो त्यात सोडला. साधारण 82 अंशांपासून उघडायला लागायला हवा होता. पाणी खळखळ उकळलं तरी हा जेमतेम हलला. मिस्त्री म्हणाले, "ह्यो झोपलाय बगा, ताई."

यापुढचा सीन ऐकण्यासारखा होता. मिस्त्रींचं म्हणणं, थर्मोस्टॅट काढूनच टाका, कटकट कायमची जाईल. आपल्याकडे हा उपाय सर्रास करतात. काका म्हणाले, "नको. मग इंजिन नीट तापायचंच नाही, आणि डिझेल धड जळणार नाही." दोघांचं दहा मिनिटं झकास जुंपलं. शेवटी मिस्त्रींनीच पोराला पळवलं. त्याच गल्लीत तासाभरात नवा थर्मोस्टॅट आणि नवा पाइप हजर! बिल, मजुरीसकट, दोन हजारांच्या आत.

का मिळाला? कारण आमच्या गाडीचं इंजिन त्या रस्त्यावरच्या शेकडो मालवाहू गाड्यांत आहे. शोरूममध्ये झगमगणारी इम्पोर्टेड मोटरहोम असती तर पार्ट कुठल्या शहरातून, किती दिवसांनी येणार हे विचारत आम्ही लॉजवर बसलो असतो.

इन्शुलिन आणि सत्तर अँपिअरचा रिले

दुसऱ्या दिवशी हुबळी सोडल्यावर फ्रिजनं मान टाकली. घरासाठीच्या बॅटरीचं व्होल्टमीटर 11.8 दाखवत होतं, म्हणजे बॅटरी जवळपास रिकामी. बाहेर पस्तीस-छत्तीस अंश.

हा प्रकार समजून घ्या, कारण मोटरहोममध्ये सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट इंजिन नसते, वायरिंग असतं. गाडीत दोन वेगळ्या बॅटऱ्या असतात. एक इंजिन स्टार्ट करायला, दुसरी घर चालवायला. डायनमो पहिलीला चार्ज करतो आणि मध्ये बसवलेली एक डबी दुसरीलाही तो चार्ज देते. काकांनी मीटर लावला. इंजिन चालू असताना पहिल्या बॅटरीवर 14.1 व्होल्ट. म्हणजे डायनमो ठणठणीत, मधली डबीच मेलेली. ही डबी मित्रानं मोठ्या हौसेनं, चांगले पैसे मोजून, बाहेरच्या देशातून मागवली होती. मोबाइलवर बॅटरीचे ग्राफ दाखवायची. आता तिच्यावरचा एक लाल दिवा नुसताच लुकलुकत होता.

आता प्रश्न काकूंच्या औषधाचा. वापरात असलेली व्हायल साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला, म्हणजे 25 ते 30 अंशांखाली, चालते. न उघडलेला साठा मात्र 2 ते 8 अंशांत ठेवायचा असतो. आणि उन्हात तापलेली व्हॅन ही काही 'खोली' नव्हे! मी म्हटलं, बर्फ घेऊया. काकू म्हणाल्या, "बर्फाला चिकटवायचं नसतं गं. गोठलं की फेकूनच द्यावं लागतं." त्या आमच्या सगळ्यांपेक्षा शांत होत्या. राणेबेन्नूरच्या बाजारात त्यांनी एक माठ घेतला, पाणी भरलं, स्टीलच्या घट्ट डब्यात व्हायल ठेवून तो डबा पाण्यात सोडला, वर ओलं फडकं. गावाकडचं जुनं ज्ञान. फ्रिजची बरोबरी नाही, पण काही तास काढायला पुरेसं.

आम्ही तोवर ऑटो इलेक्ट्रिशियनच्या टपरीवर. त्यानं ती डबी उलटसुलट करून बघितली आणि आदरानं परत दिली. खोलायचीच सोय नव्हती, सगळं आत सील केलेलं. मित्राचा चेहरा पडला. "बाबा, इथे कुणाला जमणार नाही. बेंगळुरूपर्यंत जावं लागेल." काकांनी टपरीतल्या फळीकडे बोट दाखवलं. डिझेल गाड्यांच्या ग्लो प्लगला लागतो तसला सत्तर अँपिअरचा रिले. इंजिन चालू असेल तेव्हाच दोन्ही बॅटऱ्या जोडायच्या, बंद झालं की तोडायच्या. दोन्ही टोकांना फ्यूज, जाड वायर, चांगली अर्थ. ग्राफ नाही, ॲप नाही. चार तासांत फ्रिज पुन्हा थंड. (एक सूचना. आमची घरची बॅटरी साधी लेड-ॲसिड होती, म्हणून हे चाललं. लिथियम असेल तर हा उद्योग करू नका. ती डायनमोकडून इतका करंट ओढते, की डायनमोच जळू शकतो.)

तिथून कन्याकुमारी आणि परत पुणे, तो रिले एकदाही रुसला नाही. सत्तरच्या दशकापर्यंत युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तानमार्गे गोव्याला हिप्पींच्या व्हॅन यायच्या, 1979 मध्ये इराणची क्रांती आणि अफगाणिस्तानातलं सोव्हिएत आक्रमण यामुळे तो रस्ता तुटला. त्यांच्यातल्या फोक्सवॅगनच्या व्हॅनचं इंजिन हवेनं थंड होणारं होतं. रेडिएटरच नाही, मग गळणार काय? त्या काही फार दणकट होत्या अशातला भाग नाही. पण ज्याच्याकडे पाना आहे तो त्या उघडू शकत होता.

तोप्पूरचा उतार

बेंगळुरूच्या पुढे होसूर, कृष्णगिरी, धर्मपुरी. धर्मपुरीहून सेलमला जाताना तोप्पूरचा घाट उतरावा लागतो. तमिळनाडूतला अपघातांसाठी बदनाम उतार. पुणेकरांना एका वाक्यात सांगायचं तर त्यांचा नवले पूल! आपल्याकडे नोव्हेंबर 2022 मध्ये त्या उतारावर एका ट्रकनं चाळीसहून अधिक गाड्या ठोकल्या होत्या, आठवतंय ना?

धर्मपुरीला संध्याकाळ झाली. मित्राला रात्रीत नामक्कल गाठायचं होतं. काका म्हणाले, इथेच मुक्काम. "अहो बाबा, दोन तासांचा तर रस्ता आहे!" "आहे ना. सकाळीही तो दोन तासांचाच असेल." बापलेकांत पहिल्यांदाच जरा आवाज चढले. काकू मध्ये पडल्या नाहीत. पण हळूच म्हणाल्या, "एसटीत यांनी अपघाताच्या गाड्या उघडल्यात. आपण नाही." विषय तिथेच संपला.

सकाळी उतरण्याआधी पंधरा मिनिटं थांबलो. चारही चाकांपाशी हात नेऊन बघितलं, ब्रेक ऑइलची पातळी बघितली. हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. ताजं डॉट-3 ऑइल 205 अंशांच्या पुढे उकळतं, पण पाणी मुरलेलं 140 च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल नुसतं खाली जातं. जड घर घेऊन सारखा ब्रेक दाबत उतरलात, तर तिथवर पोहोचायला फार वेळ लागत नाही. आमचं ऑइल काकांनी निघायच्या आधीच बदललं होतं.

मग दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर गाडी रोखत, ब्रेक फक्त अधूनमधून. बाजूनं ट्रक भुर्रकन जात होते. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून, इंजिन बंद करून उतरणारे महाभाग असतात. इंजिन बंद म्हणजे ब्रेकची मदत दोन-तीन दाबांत संपते आणि स्टिअरिंग दगडासारखं होतं. काकांचा नियम सोपा. ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. उतरताना काहीही झालं नाही. या अख्ख्या ट्रिपमधला माझा सगळ्यात आवडता प्रसंग हाच, ज्यात काहीच झालं नाही.

भाषा नको, बोल्ट हवा

नामक्कल म्हणजे ट्रकच्या बॉड्या बांधणारं गाव. आमच्या पाण्याच्या टाकीच्या ब्रॅकेटला भेग पडली होती, म्हणून एका शेडमध्ये शिरलो. वेल्डरला हिंदी येईना, काकांना तमिळ. तरी दोघं तासभर मस्त बोलत होते! बोल्ट, ब्रॅकेट, ॲक्सल, लोड, गॅस वेल्डिंग. मेकॅनिक लोकांची भाषा देशभर एकच आहे बहुतेक. वेल्डरनं खडूनं जमिनीवर गाडी काढून दाखवली. टाकी मागच्या चाकांच्याही मागे होती, त्यामुळे मागून ओझं पडून पुढची चाकं हलकी होत होती आणि स्टिअरिंग तरंगत होतं. त्यानं टाकी दोन ॲक्सलच्या मध्ये बसवली. ज्यांनी गाडीचं घर केलं त्यांना आतला ओटा सुंदर जमला होता. चासी मात्र ट्रकवाल्याला कळली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी कन्याकुमारी. काकू किनाऱ्यावर बसून सूर्यास्त बघत होत्या. काका दोन मिनिटं बसले आणि उठून टायरांना हात लावून बघायला गेले. काकू म्हणाल्या, "जाऊ दे गं त्यांना. त्यांचा सूर्यास्त तिकडे आहे."

निघण्यापूर्वी, एवढं कराच

• रोज सकाळी पाच मिनिटं: कूलंट, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, फॅन बेल्ट, टायरची हवा आणि गाडीखाली ओला डाग. इंजिन थंड असतानाच.

• टायरवरचे चार आकडे वाचा. 3522 म्हणजे 2022 सालचा 35 वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतंच.

• सोबत ठेवा: फॅन बेल्ट, वरचा-खालचा रेडिएटर पाइप, क्लॅम्प, डिझेल फिल्टर, फ्यूज, रिले, जाड वायर, मल्टिमीटर, आणि भरलेल्या गाडीचं वजन पेलणारा जॅक. कंपनीतून आलेला जॅक रिकाम्या गाडीसाठी असू शकतो.

• डिझेल फिल्टर बदलल्यावर लाइनमध्ये हवा अडकते. हॅण्डपंपानं ती काढायला घरीच शिकून घ्या. रात्री हायवेवर शिकण्याची ही गोष्ट नाही.

• दिवसाला तीनशे-साडेतीनशे किलोमीटर पुरे. बिघाड दुपारी झाला तर मिस्त्री भेटतो, रात्री झाला तर फक्त कुत्री.

• गाडीचं घर करून घेताना कागद बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसी बुकातल्या नोंदीशी विसंगत बदल मनानं करता येत नाहीत. उद्या विमा मागायला गेलात, की पहिला प्रश्न तोच येतो.

• विकत घेण्याआधी एकदा भाड्यानं घेऊन चार दिवस राहून बघा. आणि विक्रेत्याला मायक्रोवेव्ह कितीचा हे विचारण्याआधी हे विचारा, की याचा थर्मोस्टॅट राणेबेन्नूरला मिळेल का?

तो हसला, तर दुसरं दुकान बघा. चला, पुढच्या आठवड्यात भेटूच. तोवर हॅपी जर्नी!